कारागीर बाहेरचा, पण कागद आपल्या नावाचा

नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला कागदाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या आणि त्यांवर हे नियोजित शहर उभे राहिले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंडासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. जे पुढे येथे राहावयास आले त्यांच्याही यथावकाश ध्यानी आले, की सदनिका आपली असली तरी तिच्याखालची जमीन साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे. वास्तू एकाची आणि जमीन दुसऱ्याची, हा अनुभव येथील रहिवाशांच्या अंगवळणी पडलेला आहे. असे असूनही याच शहरातील लहान व्यावसायिक आपल्या धंद्याचे संकेतस्थळ, म्हणजेच वेबसाइट, उभारताना कागद कोणाच्या नावावर आहे हे विचारीत नाही. संकेतस्थळ स्वतः तयार करावे की मोबदला देऊन दुसऱ्याकडून करवून घ्यावे, एवढ्याच प्रश्नाशी तो अडखळतो.

हा प्रश्न केवळ दुकानदारांचा आहे असे कोणी समजू नये. आज कित्येक शिक्षकांच्या घरी शिकवणीवर्ग चालतात, कारकुनाच्या पगाराला पत्नीच्या शिवणकामाचा किंवा फराळाच्या व्यवसायाचा हातभार असतो, आणि संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या मुलाला काका-मामा हमखास सांगतात, "आमचीही एक वेबसाइट करून दे." म्हणजे या व्यवहारात आपण कधी गिऱ्हाईक असतो, तर कधी कारागीर. दोन्ही बाजूंनी त्याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येकाला संकेतस्थळाची गरज असतेच असे नाही. कोपरखैरण्यातील ज्या शिंप्याचे सारे गिऱ्हाईक चार गल्ल्यांतून येते, त्याला गूगलच्या नकाशावर विनामूल्य नोंद, दुकानाची वेळ, दूरध्वनी क्रमांक आणि दोन छायाचित्रे एवढे पुरते. याउलट रबाळे किंवा महापे येथील औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनविणाऱ्याचे ग्राहक पुण्याला, राजकोटला किंवा कोइमतुरला असतात. तेथील खरेदी अधिकारी प्रथम संगणकावर त्याचे नाव शोधतो आणि काही सापडले नाही तर पुढच्या नावाकडे वळतो. पहिल्याने मोठे संकेतस्थळ करणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. दुसऱ्याने ते न करणे हा धंद्याचा तोटा होय.

गरज ठरल्यावर खर्चाचा विचार येतो, आणि येथेच बहुतेकांची गल्लत होते. स्वतः केले तर फुकट पडते, ही समजूत अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, एका गृहस्थाला आपल्या धंद्यातून ताशी ३०० रुपये सुटतात. संकेतस्थळाची विद्या शिकून ते उभे करण्यास त्याचे ६० तास गेले, तर त्याने १८,००० रुपये खर्च केले. फक्त ते खिशातून न जाता कमाईतून गेले म्हणून दिसले नाहीत. तेच काम एखादा जाणकार १५,००० रुपयांत करून देत असेल, तर हा गृहस्थ ३,००० रुपयांनी फसला. परंतु ज्याचे दुकान दुपारी ओस असते, किंवा जो नुकताच पदवीधर होऊन कामाच्या शोधात आहे, त्याच्या तासाची किंमत निराळी. त्याने स्वतः शिकणेच शहाणपणाचे. ती विद्या त्याच्या पदरी कायमची राहील. डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालचे मद्य यांच्या उदाहरणाने हेच सांगितले होते. पोर्तुगाल दोन्ही वस्तू कमी श्रमांत करू शकत असला, तरी त्याने मद्यावरच लक्ष द्यावे आणि कापड इंग्लंडकडून घ्यावे, यात दोघांचेही हित आहे. म्हणून "मला येते" एवढ्यावरून "मी करावे" असे सिद्ध होत नाही.

हिशेब एवढ्यावर संपत नाही. एखादी गोष्ट स्वतः करावी की बाजारातून घ्यावी, या प्रश्नाचा मूलगामी विचार रोनाल्ड कोझ यांनी १९३७ च्या आपल्या निबंधात केला. बाजारातून घेण्यालाही किंमत पडते, हे त्यांचे सूत्र. योग्य माणूस शोधणे, दर ठरविणे, कामावर लक्ष ठेवणे आणि बिनसले तर भांडणे, या साऱ्यांत वेळ व पैसा जातो. त्यात या कामाचा गुण डोळ्यांना दिसत नाही. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे विवेचन करताना दाखवून दिले, की विकणाऱ्याला मालाचा दोष ठाऊक असतो पण घेणाऱ्याला नसतो, तेथे चांगला माल हळूहळू बाजारातून उठून जातो. संकेतस्थळाचा बाजार बराचसा तसाच आहे. रंगसंगती ग्राहकाला दिसते. आतली बांधणी, सुरक्षिततेची काळजी, पुढील दुरुस्तीची सोय दिसत नाही. मग तो दिसणाऱ्या एकाच गोष्टीवर, म्हणजे दरावर, निवड करतो. परिणामी निगुतीने काम करणारा तरुण मागे पडतो आणि तयार साच्यात नाव बदलून देणारा पुढे जातो.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका लघुउद्योजकाची हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. त्यांनी पाच वर्षांपूर्वी एका व्यक्तीकडून संकेतस्थळ करून घेतले. काम नेटके झाले, पैसे चुकते झाले. मात्र इंटरनेटवरील पत्ता, ज्याला डोमेन म्हणतात, तो त्या कारागिराने स्वतःच्या नावावर नोंदविला होता. पुढे तो दुसऱ्या शहरी गेला, त्याचा दूरध्वनी लागेना, आणि पत्त्याच्या नूतनीकरणाची तारीख टळून गेली. एके सकाळी संकेतस्थळ नाहीसे झाले. त्याहून वाईट म्हणजे त्याच पत्त्याला जोडलेली ई-पत्रेही बंद पडली. जुन्या ग्राहकांची मागणीपत्रे परत जाऊ लागली. त्यांची समजूत झाली, की कारखानाच बंद झाला. वास्तविक अशा पत्त्याच्या नूतनीकरणाला सामान्यतः वर्षाला थोडीच रक्कम लागते. येथे लबाडी होती असे म्हणवत नाही. होता तो उभयपक्षी निष्काळजीपणा. पण त्याची किंमत एकट्या उद्योजकाने मोजली.

कायद्याचे ज्ञानही या बाबतीत तोकडे आहे. पैसे दिले म्हणजे वस्तू आपली झाली, हा खुर्ची-टेबलाचा नियम येथे जसाच्या तसा लागू होत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा हक्क, विपरीत करार नसेल तर, मालकाकडे जातो. परंतु बाहेरच्या कारागिराने लिहिलेला मजकूर किंवा संगणकाची आज्ञावली यांचा प्रथम हक्क सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. तो आपल्याकडे यावयाचा तर लेखी आणि सहीनिशी हस्तांतर लागते. त्यातही मुदत नमूद केली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. फोनवरच्या बोलण्याने हे काम भागत नाही.

यावर कोणी म्हणेल, की म्हणूनच स्वतः केलेले बरे. स्वतः मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही. परंतु स्वतः करणारा तरी स्वतःच्या जागेवर बांधतो काय? जानेवारी २०१७ मध्ये सुंदर पिचाई यांनी दिल्लीत लहान व्यावसायिकांसाठी गूगलच्या विनामूल्य संकेतस्थळांची योजना जाहीर केली. मोबाइलवरून घटकाभरात पान तयार होई. ना कारागीर, ना खर्च. मार्च २०२४ मध्ये कंपनीने ही सोय बंद केली आणि ती पाने मिटली. ज्यांनी त्या पत्त्याच्या पाट्या रंगविल्या, पावत्या छापल्या, त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली. कंपनीने आगाऊ सूचना दिली होती आणि फुकटच्या सोयीवर हक्क सांगता येत नाही, हे खरे. पण दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेले दुकान घरमालकाच्या मर्जीपर्यंतच चालते, हा त्यातला धडा आहे. मासिक भाडे घेऊन तयार साचे पुरविणाऱ्या सेवांनाही तो बऱ्याच अंशी लागू पडतो. भाडे थांबले की पान उतरते, आणि ते उचलून दुसरीकडे नेणे सोपे नसते. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने चार वाक्ये सांगताच पान मांडून देतात. बांधण्याची मजुरी त्यामुळे उतरेल यात शंका नाही. परंतु जागा कोणाची, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

मग करावे काय? उत्तरासाठी दूर जाण्याचे कारण नाही. बेलापूर येथे १९८३ ते १९८६ च्या सुमारास चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी जी वसाहत आखली, तिच्याकडे पाहावे. आर्टिस्ट व्हिलेज या नावाने आपण ती ओळखतो. एका अंगणाभोवती सात घरे, प्रत्येक घर आपल्या स्वतंत्र भूखंडावर, आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. मूळ घर लहान आणि साधे, सामान्य गवंड्याला बांधता येईल असे. आखणी जाणकाराने केली. पण कुटुंब वाढले, चार पैसे गाठीस आले, की मालकाने शेजाऱ्याला न विचारता खोली वाढवावी, अशी त्यात योजना होती. पुढे अनेकांनी मूळ घरे पार बदलून टाकली. त्याने वसाहतीचे रूप बिघडले की काय, हा वादाचा विषय आहे. परंतु ती बदलता आली, ही गोष्ट निर्विवाद आहे.

लहान व्यावसायिकाचे संकेतस्थळ असेच असावे. पाया आणि चौकट जाणकाराकडून मोबदला देऊन करून घ्यावी. पत्त्याची नोंदणी मात्र स्वतः, स्वतःच्या नावे, स्वतःच्या ई-पत्राने आणि स्वतःच्या खात्यातून पैसे भरून करावी; त्याला अर्धा तास पुरतो. हे सातबाऱ्यावरचे नाव नव्हे, मुदतीने नूतनीकरण करावयाचा पट्टाच आहे. पण निदान पट्टेदार आपण असावे. परवलीचे शब्द आपल्या वहीत असावेत. वर्डप्रेससारखी, एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे नेता येणारी मोफत प्रणाली शक्यतो निवडावी. दर, वेळ, नवा माल एवढे बदल स्वतः करता येतील इतके शिक्षण कारागिराकडूनच मागून घ्यावे. आणि मजकूर कधीही परक्यावर सोपवू नये. आपली चकली भाजणीची आहे की तांदळाची, आपला सुटा भाग किती मापापर्यंत अचूक उतरतो, हे मालकावाचून कोण सांगणार? तो मजकूर मराठीतही असावा. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ हा पत्ताही मिळू शकतो.

व्यक्तीने सावध राहावे एवढ्याने मात्र भागणार नाही. नवी मुंबईतील अनेक महाविद्यालयांतून माहिती तंत्रज्ञानाचे विद्यार्थी दरवर्षी बाहेर पडतात आणि वसाहतीतील कारखान्यांना त्यांचीच गरज असते; तरी दोघांची गाठ ओळखीपाळखीनेच पडते. महाविद्यालये, उद्योजकांच्या संघटना आणि जिल्हा उद्योग केंद्र यांनी मिळून मराठीत एक पानी नमुना करारनामा तयार करावा. पत्ता कोणाच्या नावावर, हक्काचे हस्तांतर कसे, दुरुस्ती किती काळ, परवलीचे शब्द केव्हा सुपूर्द करावयाचे आणि मोबदल्याचे हप्ते कोणते, ही पाच कलमे त्यात असली तरी पुष्कळ झाले. त्यात विद्यार्थ्याचेही हित आहे. "अनुभव मिळतो आहे ना" असे म्हणून त्याला फुकट राबविणाऱ्या गिऱ्हाइकालाही हा कागद आळा घालील.

स्वतः की दुसऱ्याकडून, हा प्रश्न शेवटी ज्याच्या त्याच्या वेळेच्या किमतीवर सुटतो आणि त्याचे उत्तर घरोघरी निराळे येईल. श्रम विकत घेण्यात कमीपणा नाही. श्रमविभागणीवाचून कोणताही समाज पुढे गेलेला नाही. परंतु श्रम विकत घेताना आपले नाव, आपला पत्ता आणि आपला शब्द दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, हा व्यवहार नव्हे. सहीच्या आधी कागद न वाचल्याची किंमत या शहराने एकदा मोजली आहे. ती पुन्हा मोजण्याचे कारण नाही.