मोडायचाच असेल तर पाय मोडू दे



घरी बांधलेल्या हलक्या विमानाचा लँडिंग गिअर सुधारायचा म्हटलं की पहिला विचार येतो तो जाडीचा. पाय जाड करू, बोल्ट मोठे घालू, पोलादाचा पत्रा चढवू. माझं मत उलट आहे. पायाला ताकद हवीच, पण त्याचं पहिलं काम वाकणं हे आहे. न वाकणारा पाय धक्का संपवत नाही, तो वर पाठवतो.

ईएमईमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. कच्च्या रस्त्यावर ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे तुटतात. मग कुणीतरी सुचवतं, एक जादा पाटा घाला. पाटा तुटायचा थांबतो आणि काही दिवसांनी ब्रॅकेटच्या रिव्हेटपाशी चासीला तडा दिसतो. पाटा रस्त्याकडेला बदलता येतो, चासी नाही. ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरचा शिअर बोल्टही याच हिशेबाने मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. स्वस्त बोल्ट तुटतो आणि महागडा गिअरबॉक्स वाचतो.

आता विमानाचा हिशेब करू. ५०० किलोचं विमान सेकंदाला २ मीटर वेगाने खाली येऊन टेकलं, तर चाकांना १,००० ज्यूल ऊर्जा पचवावी लागते. हाच वेग ३ मीटर झाला तर आकडा २,२५० वर जातो. वेग दीडपट, ऊर्जा सव्वादोनपट. ही ऊर्जा किती अंतरात थांबते त्यावर सगळं अवलंबून आहे. सेकंदाला २ मीटरचा वेग २० सेंटिमीटरमध्ये थांबवला तर सरासरी धक्का साधारण १ जी. १० सेंटिमीटरमध्ये थांबवला तर २ जी, ५ मध्ये ४ जी. सरासरी एवढी, तर त्या क्षणाचा कमाल धक्का याहून जास्त. पाय दुप्पट ताठ केलात की ही दाबाची जागा कमी होते आणि फटका वाढतो. हलक्या विमानांत पाय बहुतेक वेळा सीटच्या आसपासच बसवलेले असतात. म्हणजे पाय वाकला नाही तर पुढचा नंबर फ्यूजलाजच्या तळाचा, आणि त्यानंतरचा आपल्या मणक्यांचा.

क्रिस हाइन्झ यांचं सीएच ७०१ घ्या. १९८६ मधलं हे डिझाइन आखूड, ओबडधोबड पट्टीवर उतरण्यासाठीच केलेलं आहे. आपल्या एनसीसीच्या एअर विंगनेही हे मायक्रोलाइट वापरलं. त्याचे मागचे दोन्ही पाय म्हणजे ॲल्युमिनियमची एकच वाकवलेली पट्टी, आणि पुढच्या चाकाला रबरी बंजी. तेल नाही, सील नाही. स्प्रिंगच्या पट्टीची ही कल्पना जुनी. ऑशकॉशचे रेसिंग पायलट स्टीव्ह विटमन यांनी ती पोलादात आणली आणि पुढे सेसनाने आपल्या विमानांना लावली. या पायाचा एक दोष मात्र लक्षात ठेवावा. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते, म्हणून विमान उसळतं. पाय फाकताना टायर डांबरावर आडवे घासतात, त्यात थोडी ऊर्जा जिरते. ओल्या गवतावर तेवढीही जिरत नाही.

हे सगळं लिहायचं कारण, एका निवृत्त कर्नलसाहेबांचा फोन. दोन सीटचं विमान, पट्टी खडकाळ, दोनदा जोरात टेकल्यावर पाय किंचित फाकलेले. "दुप्पट जाडीचे करून घेतो, म्हणजे कायमची कटकट मिटली," ते म्हणाले. शेजारच्या सीटवर नातू बसणार आहे. मी म्हटलं, "सर, फाकलेला पाय म्हणजे पायाने ड्युटी केली. त्याला शिक्षा कशाला?" ते हसले, पण पटल्याचं काही बोलले नाहीत. म्हणून इथे सविस्तर.

माझा क्रम असा. आधी टायर. मोठा, कमी हवेचा टायर खडे आणि खड्डे स्वतःच गिळतो. पण व्यास वाढला की तोच ब्रेक जमिनीवर कमी जोर लावतो, आणि फक्त मागचे टायर वाढवले तर नाक खाली झुकतं. म्हणून पंख्याची जमिनीपासूनची उंची मोजून घ्यावी. दुसरं, बंजी. रबर उभ्या विमानातही म्हातारं होतं, ते मुदतीत बदलावं. तिसरं, पट्टीवरचे ओरखडे आणि बोल्टची भोकं. ॲल्युमिनियमला तडा तिथूनच सुरू होतो. वाकलेली पट्टी ठोकून सरळ करून परत बसवू नये, नवी घ्यावी. चौथं, प्रशिक्षकाला शेजारी बसवून दहा लँडिंग. खाली येण्याचा वेग ३ वरून २ वर आला, तर वर्कशॉपमध्ये न जाता निम्म्याहून जास्त ऊर्जा कमी होते. याहून स्वस्त अपग्रेड नाही.

जाड पाय कधीच नकोत, असं नाही. डिझाइनरने विमानाचं कमाल वजन वाढवलं असेल आणि पायाबरोबर तळाच्या मजबुतीचंही ड्रॉइंग दिलं असेल, तर जरूर घालावेत. पण पूर्ण संच घालावा. फक्त पाय जाड करणं म्हणजे जादा पाटाच. त्यानंतर विमान पुन्हा तोलावं. पायात गेलेला प्रत्येक किलो इंधनातून किंवा प्रवाशातून वजा होतो आणि तोलाचा बिंदूही सरकतो. डीजीसीएच्या कागदांचं कामही उड्डाणाआधी करावं, नंतर नव्हे.

काही वाचक म्हणतील, विमान माझं, बांधलं मी, निर्णय माझा. मान्य. अमेरिकेत तर नियमच असा आहे की विमानाचा मोठा हिस्सा हौशी माणसाने स्वतः बांधलेला हवा. पण मग डिझाइनरचं कामही आपल्याच अंगावर येतं, आणि काय आधी मोडावं हे ठरवणं हा त्या कामाचा मोठा भाग असतो. जो बिल्डर हे ठरवत नाही, त्याच्यासाठी ते जमीन ठरवते. मला विचाराल तर माझ्या यादीत पहिलं नाव पायाचं, आणि सीटवर बसलेल्या माणसाचं त्या यादीत नावच नाही.

जय हिंद!