विषय बदलणाऱ्यांना विचारणार कोण?

पदवीच्या पहिल्या वर्षानंतर मुख्य विषय बदलण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासक्रम आराखड्यात दिली. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. 'मेजर' आणि 'मायनर' हे शब्द त्यामुळे प्रवेशाच्या रांगेतही ऐकू येऊ लागले. किती विद्यार्थ्यांनी विषय बदलला, हे महाविद्यालयाचे कार्यालय सांगू शकते. का बदलला, हे मात्र कार्यालयाच्या नोंदवहीतून सहसा कळत नाही. महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्यावर कारणाचा एक रकाना असतो. त्यात 'स्वतःच्या विनंतीवरून' किंवा 'पुढील शिक्षणासाठी' एवढेच लिहून तो भरला जातो.

हा प्रश्न अमेरिकेत फार पूर्वी उभा राहिला. विषय बदलणे तेथे अपवादात्मक नाही. अमेरिकी शिक्षण खात्याच्या २०१७ मधील आकडेवारीनुसार, २०११-१२ मध्ये पदवीला प्रवेश घेऊन मुख्य विषय निश्चित केलेल्यांपैकी सुमारे ३३ टक्के विद्यार्थ्यांनी तीन वर्षांच्या आत तो बदलला. गणित घेतलेल्यांत हे प्रमाण ५२ टक्के होते. आकडा मोठा आहे. पण गणित सोडणाऱ्याला गणित जमले नाही, की वर्गात बसवले नाही, की आणखी काही आवडू लागले, याविषयी तो काहीच बोलत नाही.

ते बोलते करण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न कोलोरॅडो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ इलेन सेमूर आणि नॅन्सी ह्युविट यांचा. १९९० ते १९९३ या काळात त्यांनी सात वेगवेगळ्या प्रकारच्या संस्थांतील ३३५ विद्यार्थ्यांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. विज्ञान, गणित व अभियांत्रिकी सोडून जाणारे विद्यार्थी हा त्यांचा विषय होता. 'टॉकिंग अबाउट लीव्हिंग' हे त्यावरील पुस्तक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले.

या अभ्यासाची खरी हुशारी प्रश्नांपेक्षा निवडीत होती. 'ज्यांना झेपत नाही, ते जातात' हा प्राध्यापकवर्गातील सर्वसाधारण समज. तो तपासायचा तर झेपण्याची क्षमता असलेल्यांनाच विचारायला हवे. म्हणून प्रवेशपूर्व 'सॅट' परीक्षेत गणितात ६५० किंवा त्याहून अधिक गुण मिळवलेलेच विद्यार्थी निवडण्यात आले. शिवाय केवळ सोडून गेलेल्यांना विचारून संशोधक थांबले नाहीत. १८३ जण विषय सोडलेले होते, तर १५२ जण त्याच विषयात टिकून राहिलेले होते. दोघांशीही त्याच पद्धतीने बोलणे झाले.

ही दुसरी बाजू नसती, तर निष्कर्ष फसवा ठरला असता. विषय सोडलेल्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांनी निकृष्ट अध्यापनाची तक्रार केली. एवढेच हाती असते, तर अपयशाचे खापर शिक्षकांवर फोडले जात आहे असे म्हणून कोणीही हात झटकले असते. पण टिकून राहिलेल्यांपैकीही जवळपास तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांची तक्रार तीच होती. जाणारे आणि राहणारे यांच्यात क्षमतेचा मोठा फरक आढळला नाही. अडचणी दोघांच्याही सारख्याच होत्या. कोणाला त्यातून वाट काढण्यासाठी आधार मिळाला, कोणाला नाही. बुद्धीच्या चाळणीतून गाळ खाली जातो, या कल्पनेला हा मोठाच धक्का होता. चांगले गुण असूनही मुली मोठ्या प्रमाणात बाहेर पडत होत्या, ही बाबही त्यात ठळकपणे पुढे आली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अशा अभ्यासातील टक्केवारी जनमत चाचणीसारखी वाचायची नसते. मुलाखतीत विद्यार्थी स्वतःहून काय बोलला, त्याचे शब्दांकन होते. मग प्रत्येक उताऱ्याला आशयानुसार खूण दिली जाते आणि समान खुणांचे गट केले जातात. प्रवर्ग आधी ठरवून त्यात माणसे बसवायची नाहीत, ते सामग्रीतून वर येऊ द्यायचे, ही शिस्त बार्नी ग्लेझर व अॅन्सेल्म स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये मांडली. शेकडो मुलाखती म्हणजे शब्दांकनाची हजारो पाने. हे काम वेळखाऊ आहे आणि म्हणूनच प्रशासनाला चार पर्यायांची प्रश्नावली अधिक प्रिय असते. 'वैयक्तिक कारण' या चौकटीत खूण करून विद्यार्थीही सुटतो आणि संस्थाही.

त्याआधी, १९९० मध्ये, शीला टोबायस यांनी अगदी निराळी वाट धरली होती. विज्ञानापासून दूर राहिलेल्या पण अन्य विषयांत उत्तम शिकलेल्या काही प्रौढ पदवीधरांना त्यांनी पदार्थविज्ञान व रसायनशास्त्राच्या प्राथमिक वर्गात चक्क विद्यार्थी म्हणून बसवले. अभ्यास करायचा, परीक्षा द्यायच्या आणि रोज काय वाटले ते टिपून ठेवायचे, एवढीच अट. या टिपणांत विषय अवघड असल्याची तक्रार फारशी नव्हती. गणिते सोडवून घेतली जातात, पण हे सारे कशासाठी चालले आहे ते कोणी सांगत नाही, आणि वर्गातील प्रत्येक जण दुसऱ्याचा स्पर्धक असतो, असा त्यांचा सूर होता. अठरा वर्षांच्या मुलाला जे नुसतेच जाणवते, ते या मंडळींना शब्दांत पकडता आले.

मुलाखतीच्या पद्धतीला एक जन्मजात दुखणे आहे. निर्णय होऊन गेल्यावर माणूस त्याची गोष्ट नीटनेटकी करून सांगतो. दोन वर्षांपूर्वी भौतिकशास्त्रात नापास होऊन अर्थशास्त्राकडे वळलेला तरुण आज 'मला पहिल्यापासून धोरणात रस होता' असे म्हणू शकतो, आणि ते खोटे असतेच असे नाही. यावरचा उपाय म्हणजे निर्णयाच्या आधी, निर्णयाच्या वेळी आणि नंतर अशा एकाच व्यक्तीच्या अनेक मुलाखती. त्याच्या जोडीला निकालपत्रे आणि वर्गातील प्रत्यक्ष निरीक्षण ठेवले, तर तिन्हींतील विसंगतीच पुष्कळ काही सांगून जाते. सेमूर आणि अॅन-बॅरी हंटर यांनी संपादित केलेल्या २०१९ च्या पाठपुरावा अभ्यासात मुलाखतींबरोबर संस्थांच्या नोंदी व प्राथमिक वर्गांचे निरीक्षणही होते.

महाराष्ट्रात हीच पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. अमेरिकेत विषय बदलणे हा बहुतांशी विद्यार्थ्याचा निर्णय असतो. आपल्याकडे वाट वर्षानुवर्षे एकतर्फी राहिली: बारावी विज्ञानानंतर कला शाखेकडे जाता येई, उलट दिशेने दार बंद. अभियांत्रिकीत तर शाखाबदल हे पहिल्या वर्षी भरघोस गुण मिळवणाऱ्यांचे बक्षीस मानले जाते. या शर्यतीच्या ताणामुळे काही आयआयटींनी अलीकडच्या वर्षांत ही सोयच काढून घेतली. तेव्हा येथे 'कोण बदलून गेले' याइतकाच 'कोणाला बदलायचे होते, पण बदलता आले नाही' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो आणि अशा विद्यार्थ्यांची नोंद कुठल्याच यादीत सापडत नाही. त्यांना शोधावे लागेल ते वसतिगृहात, मित्रांच्या ओळखीतून, एकाकडून दुसऱ्याकडे जात.

घराचाही विचार करावा लागेल. विषय निवडताना वडील, मामा, क्लासचे सर यांचा शब्द चालतो; बदलतानाही तोच आडवा येतो. शुल्कसवलत चालू राहील का, वर्ष वाया जाईल का, गावात काय सांगायचे, या गोष्टी इंग्रजीतील छापील प्रश्नावलीवर उमटत नाहीत. मुलाखत विद्यार्थ्याच्या भाषेत व्हायला हवी आणि कारणांची यादी आधी समोर न ठेवता व्हायला हवी.

सर्वांत नाजूक मुद्दा मुलाखत घेणाऱ्याचा. अंतर्गत गुण ज्यांच्या हाती आहेत, त्याच प्राध्यापकांनी 'आमचा विषय का सोडलास?' असे विचारले, तर प्रामाणिक उत्तराची अपेक्षा करणेच चुकीचे. हे काम बाहेरच्या व्यक्तीकडे, निदान दुसऱ्या विभागाकडे तरी असावे. नाव गाळणे पुरेसे नाही. लहान महाविद्यालयात विषय, तालुका आणि वर्ष एवढे छापले तरी विद्यार्थी ओळखू येतो. प्रवर्गाचा उल्लेख आला, की उरलासुरला आडोसाही जातो.

राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४ मध्ये दाखल झालेली पहिली तुकडी २०२७ मध्ये तीन वर्षांच्या पदवीच्या टप्प्यावर पोहोचते. त्यातील ज्यांनी पहिल्या वर्षानंतर विषय बदलला, त्यांचा निर्णय २०२५ चा आहे. तुकडी बाहेर पडली, की दूरध्वनी क्रमांक बदलतात, पत्ते बदलतात. विद्यापीठांच्या समाजशास्त्र व शिक्षणशास्त्र विभागांत पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांची वाण नाही. प्रत्येक महाविद्यालयातून विषय बदललेले दहा आणि न बदललेले दहा, एवढ्यांपासून सुरुवात करण्यास मोठ्या अनुदानाचीही गरज पडणार नाही.