किल्ली कोणाच्या हातात?

२०१९ साली बीड जिल्ह्याचे नाव देशभर गाजले ते ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. सुमारे ८२ हजार महिलांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हा आकडा जगाला कळणे गरजेचे होते. कोणत्या बाईचे, कोणत्या गावात, कोणत्या वयात, हे गरजेचे नव्हते.

अशी माहिती आज आपले तरुण कार्यकर्तेही गोळा करतात. ऊसतोड जोडप्यांच्या याद्या, तलाक झालेल्या भगिनींचे अर्ज, पोटगीचे कागद, आधारच्या प्रती, दवाखान्याच्या चिठ्ठ्या. सगळे मोबाइलवर टिपायचे, ड्राइव्हवर चढवायचे आणि लिंक ग्रुपवर टाकायची. ती लिंक फिरत फिरत मुकादमाकडे गेली तर एखादीची पुढच्या वर्षीची उचल अडू शकते. नवऱ्याच्या वकिलाकडे गेली तर काय होईल, ते सांगायला नको. ज्या बाईने विश्वासाने सांगितले, तिच्यासाठी ती अमानत आहे.

‘पण गुगल सगळे एन्क्रिप्ट करून ठेवते ना?’ ठेवते. मात्र त्या कुलपाची किल्ली गुगलकडेच असते. बँकेचा लॉकर आठवा: एक किल्ली बँकेची, एक आपली, आणि आपल्या किल्लीशिवाय तो उघडत नाही. मोफत ड्राइव्हवर आपली अशी किल्लीच नसते. ज्याच्या हाती आपले खाते किंवा लिंक लागली, त्याच्यासाठी दार उघडे. व्हॉट्सअ‍ॅपचेही तसेच. संदेश सुरक्षित असतात, पण ड्राइव्हवरच्या बॅकअपला स्वतःचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावायची सोय २०२१ पासून असूनही ती आपण मुद्दाम चालू करावी लागते.

मोठ्या कंपन्या आपल्या किल्ल्या आपणच सांभाळायची सोय महागड्या योजनांत विकत घेतात. आपल्याला त्याची गरज नाही. क्रिप्टोमेटर हे मुक्त सॉफ्टवेअर फाइल संगणकावरच कुलूपबंद करते आणि मग ड्राइव्हवर पाठवते. गुगलला दिसते ती निव्वळ अगम्य अक्षरे. लिंक फुटली तरी हाती काही लागत नाही. पासवर्ड तेवढा नीट निवडा. ७८६ आपल्याकडे चोरालाही ठाऊक असतो.

यात धोकाही आहे, आणि तो लहान नाही. किल्ली हरवली तर ‘पासवर्ड विसरलात?’ म्हणून विचारणारे कोणी नसते. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर किल्ली कायमची पुसायला सांगितली तर किमान सात दिवस थांबवतात, कारण नंतर खुद्द अ‍ॅमेझॉनलाही ती माहिती उघडता येत नाही. वर्षभराची पाहणी एका पोराच्या फुटलेल्या मोबाइलबरोबर जाऊ नये. म्हणून क्रिप्टोमेटर देते ती रिकव्हरी की कागदावर उतरवा, दोन पाकिटांत सीलबंद करा आणि दोन वेगळ्या घरी ठेवा. त्यातले एक घर महिला कार्यकर्तीचे असावे. माहिती बायकांची आणि किल्ल्या सगळ्या पुरुषांच्या खिशात, हे आपल्या चळवळीला शोभत नाही.

किल्ली आपल्याकडे आली म्हणजे आपण कायद्याबाहेर गेलो, असे कोणी समजू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली शासन माहिती उघडून मागू शकते आणि नकाराला सात वर्षांपर्यंत कैद आहे. फरक एवढाच की मागणी आपल्या दारात येते. लेखी आदेश पाहता येतो, वकिलाला विचारता येते.

शेवटची एक बाब, जी बहुतेक जण विसरतात. कार्यकर्ता काम सोडून गेला की नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. त्याच्याकडे जुनी प्रत आणि जुना पासवर्ड असेल तर मूळ किल्ली तीच राहते. नवी तिजोरी बनवा, फाइल तिच्यात हलवा, जुनी पुसून टाका. दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतील, नव्या याद्या सुरू होतील. हे काम त्याआधी उरकायला हवे.