धहरानचे कुंपण

आखाती देशांत राहणाऱ्या इंग्रज-अमेरिकन मंडळींचा आणि तेथील मूळच्या रहिवाशांचा खटका उडाल्याची वार्ता अधूनमधून आपल्या वाचनात येते. आणि बहुतेक वेळा ती मद्यपानाच्या, तोकड्या वस्त्रांच्या किंवा समुद्रकिनाऱ्यावरील स्वैर वर्तनाच्या निमित्ताने आलेली असल्यामुळे, हा सारा प्रकार म्हणजे दोन धर्मांच्या संघर्षाचा अटळ परिणाम होय, अशी वाचकाची सहज समजूत होते. ही समजूत मला अपुरी वाटते, इतकेच नव्हे तर अरबांवर अन्याय करणारी वाटते. ज्या किनाऱ्याशी मुंबईच्या गलबतांचा पिढ्यान्‌पिढ्या व्यापार चालत आला, आणि ज्यावरील दुबई-कतारच्या बाजारांत 1966 पर्यंत आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला आखाती रुपया चालत होता, त्या किनाऱ्यावरील लोकांना परमुलखातील माणसाचे वावडे असण्याचे काही कारण नव्हते. एकाच कारखान्यात राबणाऱ्या दोन माणसांचा हुद्दा, तनखा आणि निवारा त्यांच्या जन्मदेशावरून ठरू लागला, तेव्हा वैमनस्याचे बीज पडले. आणि ते कसे पडले हे पाहावयाचे असेल, तर सौदी अरेबियाच्या पूर्व प्रांतातील धहरानकडे पाहिले पाहिजे.

राजे अब्दुलअझीझ यांनी 1933 च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीला तेलशोधाची सनद दिली, 1938 च्या मार्चमध्ये दम्मामच्या सातव्या विहिरीस विपुल तेल लागले, आणि 1944 पासून तिथला कारभार पाहणारी कंपनी अरामको या नावाने ओळखली जाऊ लागली. या कंपनीने आपल्या अमेरिकन नोकरवर्गासाठी धहरान येथे जी वसाहत उभारली, तीत वातानुकूलित घरे होती, अंगणात जपून वाढविलेली हिरवळ होती, शाळा, चित्रपटगृह आणि पोहण्याचा तलाव होता, आणि या सर्वांभोवती कुंपण होते. कुंपणापलीकडे, ज्याच्या पायाखालच्या जमिनीतून हे सारे वैभव निघाले तो सौदी मजूर, खजुराच्या झावळ्यांच्या झोपडीत, जिला तिकडे बरस्ती म्हणतात, उन्हाळ्याचा वणवा सोशीत राहत होता; आणि या दोहोंच्या मध्ये, इरिट्रियातून आणलेले इटालियन कारागीर व हिंदुस्थान-पाकिस्तानातून गेलेले कारकून यांची निराळी पायरी होती. तलावावर आणि चित्रपटगृहात सौदी माणसाला मज्जाव असे. ब्रीच कँडीच्या तरणतलावाचा पूर्वेतिहास ज्या मुंबईकरांना ठाऊक आहे, त्यांना या मज्जावाची जखम कोठे होते हे फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही.

1945 मध्ये येथे पहिले संप झाले. 1953 च्या ऑक्टोबरात वेतन, घरे आणि वागणूक यांविषयी गाऱ्हाणे मांडणाऱ्या मजूर-प्रतिनिधींना कैद करण्यात आले, तेव्हा सुमारे 15 हजार सौदी कामगारांपैकी 13 हजारांच्या आसपास कामगारांनी हत्यारे खाली ठेवली. अरबी भाषेत छापलेली वृत्तपत्रे फारशी हाती न पडणाऱ्या, संघटनेची कोणतीही परंपरा नसलेल्या त्या माणसांनी दाखविलेला हा एकोपा आजही थक्क करतो. पुढे 1956 च्या जूनमध्ये राजे सौद धहरानला आले असता कामगारांनी पुन्हा आपली मागणी त्यांच्यासमोर नेली, आणि तिचे उत्तर म्हणून संपास बंदी घालणारे शाही फर्मान निघाले. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: कुंपण अमेरिकनांनी घातले हे खरे, परंतु त्याच्या रक्षणासाठी शिपाई पुरविले ते रियाधच्या दरबाराने, आणि म्हणून या इतिहासाचा सारा दोष परक्यांच्या पदरात टाकून राज्यकर्त्यांना मोकळे होता येणार नाही.

अब्दुल्ला तारिकी या गृहस्थांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. नज्दमधील झिल्फी गावी जन्मलेला, कैरोत आणि नंतर टेक्सास विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकलेला हा तरुण, टेक्सासमध्ये मेक्सिकन समजला जाऊन उपाहारगृहांच्या दारातून परतविला गेला; आणि स्वदेशी आल्यावर, विद्येने कोणाही अमेरिकन अभियंत्याच्या तोडीचा असूनही, धहरानच्या वरिष्ठांच्या वसाहतीत त्याला अवहेलना सोसावी लागली. हाच तारिकी 1960 साली सौदी अरेबियाचा पहिला तेलमंत्री झाला, आणि त्याच वर्षी बगदाद येथे ज्या तेलउत्पादक राष्ट्रसंघाची, म्हणजे ओपेकची, स्थापना झाली, तिच्या प्रमुख शिल्पकारांत त्याची गणना होते. केवळ वैयक्तिक अपमानातून ओपेक जन्मली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; परंतु तेलाची किंमत परस्पर ठरविणाऱ्या कंपन्यांविषयी तारिकींच्या मनात जो अविश्वास होता, त्यास त्या कुंपणाने खतपाणी घातले नसेल, असे मानावयास माझे मन तयार होत नाही.

कंपनीने काहीच चांगले केले नाही असे मात्र नाही. 1947 मध्ये अवघ्या बाराव्या वर्षी हरकाम्या पोरगा म्हणून कामास लागलेल्या अली अल-नुऐमी यांना तिने परदेशी शिक्षण दिले, आणि 1984 साली तेच तिचे पहिले सौदी अध्यक्ष झाले. दार उघडले की माणूस कोठवर जातो, याचा याहून सबळ पुरावा कोणता हवा?

तोपर्यंत कंपनी संपूर्णपणे सौदी सरकारच्या मालकीची झाली होती. पायऱ्या मात्र मोडल्या नाहीत, त्यांवरची माणसे तेवढी बदलली. 2022 च्या शिरगणतीप्रमाणे त्या देशातील दर शंभर रहिवाशांत एकेचाळीस-बेचाळीस परदेशी आहेत. आणि त्यांच्यातही एकाच कामासाठी पश्चिमेच्या पारपत्रास एक दर व भारतीय किंवा फिलिपिनी पारपत्रास दुसरा, हा रिवाज साऱ्या आखातात सर्वश्रुत आहे. 2019 मध्ये शेजारच्या कतारची पाहणी करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधी तेंदायी अच्युमे यांना तेथे राष्ट्रीयत्वावर उभी असलेली प्रत्यक्ष जातिव्यवस्थाच आढळली. शिकलेला सौदी तरुण आपल्यापेक्षा कमी पात्रतेचा गोरा सल्लागार वरच्या खुर्चीत पाहून जळतो, आणि तोच तरुण आपल्या घरच्या मल्याळी चालकाला तीच वागणूक देतो, हे दृश्य मला त्या मूळ अन्यायाइतकेच क्लेशदायक वाटते. 2004 च्या मे महिन्यात खोबर येथे अतिरेक्यांनी परदेशीयांवर जो हल्ला केला, त्यात बळी पडलेल्या 22 जणांत आठ भारतीय होते. त्या निर्घृण कृत्याचे समर्थन कोणत्याही गाऱ्हाण्याने होऊ शकत नाही, आणि पाश्चात्त्यांवरील रोषाची किंमत चुकविताना आपली माणसेही वगळली जात नाहीत, हे त्याने दाखवून दिले.

म्हणून हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देता येण्याजोगा नाही. भारत सरकार आखाती राज्यांशी मनुष्यबळाविषयी बोलणी करते, तेव्हा किमान वेतनाच्या आकड्याबरोबरच, समान पदास पारपत्र न पाहता समान तनखा आणि समान निवास, हे कलम त्याने आग्रहाने पुढे ठेवावे. ज्यांच्या मतदारसंघांतील खाडीकाठची गावे आखातातून येणाऱ्या पैशावर चालतात, त्या रत्नागिरी-रायगडच्या खासदारांनी त्याचा पाठपुरावा संसदेत प्रथम करावा. आणि सौदी राज्यकर्त्यांनाही हे कलम जाचक वाटू नये, कारण 1953 साली धहरानमध्ये त्यांच्याच प्रजेने जे मागितले होते, त्याहून यात अधिक काही नाही.