पान तीनवरचं कोल्हापूर

समजा, तुम्ही मूळचे कोल्हापूरचे आणि सध्या मुक्काम पोस्ट हिंजवडी किंवा पवई. रात्री अमेरिकेतला शेअर बाजार किती घसरला, हे तुम्हाला सकाळी ब्रश करता करता कळतं. आता पटकन सांगा, गेल्या पावसाळ्यात पंचगंगा पहिल्यांदा पात्राबाहेर कधी पडली? तुमच्या पेठेचा फुटबॉल संघ गेल्या सीझनला शेवटी कुठे राहिला? आणि गल्लीतल्या ज्या काकांनी तुम्हाला सायकल शिकवली, ते सध्या कसे आहेत?

नाही ना सांगता येत? टेन्शन नका घेऊ, तुमच्यासारखे भरपूर आहेत. तुमचं गाव सांगली, नांदेड किंवा सोलापूर असेल, तर नदीचं आणि पेठेचं नाव बदला. प्रश्न तेच राहतील.

या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी छापून येतात. पेपरच्या आतल्या पानावर. ज्या पानाला आपण सगळेच हसतो! एका फलकाचं अनावरण आणि फोटोत चाळीस माणसं. 'आज अर्ध्या शहरात पाणी नाही.' 'वाढदिवसानिमित्त वह्यांचे वाटप.' हसायला हरकत नाही, मीही हसतो. पण हे पान वाचणं सोडलं की आपलं शहर हळूहळू फक्त सुट्टीला जायचं ठिकाण होतं. तांबडा-पांढरा खायचा, रंकाळ्यावर चक्कर मारायची, महालक्ष्मीचं दर्शन घ्यायचं आणि रविवारी रात्रीची गाडी पकडायची. एवढं तर पर्यटकही करतात की!

फुटांची भाषा

कोल्हापुरात जुलै महिना फुटांत मोजतात. कसबा बावड्याजवळ पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. तिथली पाणीपातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बंगळूर हायवे काही दिवस बंद पडला, पेट्रोलची टंचाई झाली, उपसा केंद्रंच बुडाल्यामुळे सगळीकडे पूर असून नळाला मात्र पाणी नाही, अशी गत झाली. जुलै २०२१मध्ये तर पाणी ५६ फुटांच्याही वर गेलं.

त्या दिवसांत पुण्या-मुंबईत बसलेल्या पोरांचे घरी फोन कसे व्हायचे?

"आई, पाणी कुठवर आलंय गं?"

"एक्केचाळीसवर हाय बघ. सुतारवाड्यातली माणसं काल हलवली."

"बाबांनी गाडी वर नेऊन लावली का?"

"लावली की. तू जेवलास काय?"

हा फोन करायला फुटांची भाषा यावी लागते. ती ज्याला येत नाही, तो मग व्हॉट्सअॅपवर 'धरणाला धोका' छाप फॉरवर्ड वाचून घाबरतो, पुढे दहा जणांना पाठवतो आणि शहरात उगाच पळापळ होते. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात. म्हणजे 'राधानगरीचे दरवाजे उघडले' ही धरण फुटल्याची बातमी नसते. पाण्याला शहरापर्यंत यायला काही तास लागतात, तेवढ्यात खालच्या खोलीतलं सामान वर न्या, एवढाच तिचा अर्थ. रोज आतलं पान वाचणाऱ्याला हा फरक कळतो. फक्त पुराच्या दिवशी मोबाइल उघडणाऱ्याला नाही कळत.

पेठेची इज्जत

आता जरा हलकंफुलकं. अर्थात, शिवाजी पेठेत जाऊन फुटबॉलला हलकंफुलकं म्हणू नका!

कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्यांना कुस्ती आठवते. पण राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार मॅच असेल, तर पेठेतल्या दुकानांची शटर्स लवकर खाली येतात. संघांची नावं बघा : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. नावात तालीम, पायात फुटबॉल! कुस्तीच्या तालमींनीच इथे फुटबॉल वाढवला. नायजेरियातून आलेले खेळाडूही या तालमींकडून खेळले आहेत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, तेव्हा बाहेरच्या लोकांना नवल वाटलं. आतलं पान वाचणाऱ्यांना नाही वाटलं. तिथे दर सीझनला मॅचचा वृत्तांत येतो, गोल कितव्या मिनिटाला झाला इथपासून ते प्रेक्षकांत हुल्लडबाजी कुठे झाली इथपर्यंत.

मोठ्या बातम्यांचं बालपण

आता थोडं सिरियस. शहरातल्या बहुतेक मोठ्या बातम्या आधी अनेक वर्षं छोट्या बातम्या असतात.

मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच घ्या. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी ही मागणी चार दशकांहून जास्त काळ लावून धरली. मोर्चा, निवेदन, साखळी उपोषण, पुन्हा निवेदन. प्रत्येक वेळी आतल्या पानावर बोटभर मजकूर, 'वकिलांचे कामबंद आंदोलन'. आपण ते वाचून पान उलटत आलो. शेवटी १७ ऑगस्ट २०२५ला कोल्हापुरात बेंचचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. ज्यांच्या जमिनीच्या केसची तारीख लागली की मुंबईची रात्रीची गाडी, लॉजचं भाडं आणि दोन दिवसांची मजुरी जायची, त्यांच्यासाठी ती बोटभर बातमी किती मोठी होती, हे आता कळतं.

उलटंही होतं. १ ऑगस्ट २०२४ला राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रॉन्झ जिंकलं आणि जिल्ह्यात दिवाळी झाली. पुढच्याच गुरुवारी, ८ ऑगस्टच्या रात्री, केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५मध्ये सुरू झालेलं हे थिएटर. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती! त्या रात्रीचे व्हिडीओ बघून पुण्या-मुंबईतली आपली मंडळी रडली. खरोखर रडली. पण एक प्रश्न सगळ्यांनाच विचारायला हवा, कोल्हापूरकरांना आणि बाकीच्यांनाही. तुमच्या गावातल्या नाट्यगृहाचं वायरिंग, आग विझवायची यंत्रणा, बाहेर पडायचे दरवाजे यांबद्दलची बातमी तुम्ही शेवटची कधी वाचली होती? आग पहिल्या पानावर येते. तपासणी आतल्या पानावर येते, आली तर. आणि वाचणारंच कुणी नसेल, तर वार्ताहर तरी कशाला विचारायला जाईल?

पाच शेणी

आतल्या पानावरची माझी सगळ्यात आवडती बातमी होळीच्या आसपास येते : 'अमुक मंडळातर्फे शेणी दान.'

बाहेरच्यांसाठी सांगतो, शेणी म्हणजे गोवऱ्या. कोल्हापूर महापालिका पंचगंगा स्मशानभूमीत मोफत अंत्यसंस्कार करते. गरीब असो, श्रीमंत असो, बिल कुणालाच नाही. त्यासाठी शेणी लागतात, ढिगानं लागतात. म्हणून इथली मंडळं, तालमी, कॉलेजची पोरं होळी लहान करतात आणि वाचलेल्या शेणी ट्रॉलीत भरून स्मशानभूमीला देतात. ज्याला जमेल तेवढ्या. पाच दिल्या तरी चालतात.

बातमी कशी असते? चार ओळी, एक फोटो, ट्रॉलीपुढे उभे असलेले पंधरा-वीस जण, खाली सगळ्यांची नावं. हाच तो फोटो, ज्याला आपण हसतो. पण पुढच्या वर्षी शेजारचं मंडळ जास्त शेणी देतं, कारण त्यांनी हा फोटो बघितलेला असतो. आणि त्याच पानावर खाली निधनाच्या बातम्या असतात, 'रक्षाविसर्जन सोमवारी सकाळी नऊ वाजता'. त्या वाचून माणसं सोमवारी सकाळी नऊला तिथे जातात. मॅनेजमेंटच्या कोर्समध्ये ज्याला कम्युनिटी बिल्डिंग म्हणतात आणि त्यावर स्लाइड्स बनवतात, ते इथे चार ओळींत होतं.

तर या आठवड्याचा होमवर्क सोपा आहे. मोबाइलवर तुमच्या गावच्या आवृत्तीचा ई-पेपर उघडा आणि थेट आतल्या पानावर जा. पाच मिनिटं पुरतात, लोकलमध्ये उभ्या उभ्याही होतं. पावसाळ्यात पाणीपातळीचा आकडा फॉरवर्डमधून घेऊ नका, जिल्हा प्रशासनानं दिलेला बघा. निधनाच्या बातमीत ओळखीचं नाव दिसलं, तर त्या घरी एक फोन करा. आणि होळीला घरी जाणार असाल तर निघण्याआधी बाबांना विचारा, "यंदा आपल्या मंडळाच्या शेणी कधी जाणार आहेत?" ट्रॉली भरायला माणसं कमीच पडतात.