दोन पदव्यांचा हिशेब

रविवारी विहारात मुलांचे अर्ज तपासायला बसलो होतो. बारावीचा एक मुलगा आईला घेऊन आला. वडील वर्कशॉपमध्ये पूर्वी लेथवर होते, आता सीएनसी मशीनवर आहेत. आई चार घरची धुणीभांडी करते. मुलाने वहीचा एक कागद पुढे ठेवला. त्यावर पट्टीने पाच वर्षांचे रकाने आखले होते आणि वर लिहिले होते : कॉम्प्युटर सायन्स आणि मेकॅट्रॉनिक्स. "काका, मला दोन्ही करायचंय. ऑस्ट्रेलियात एकत्र मिळतं." आई म्हणाली, "भाऊ, गावची जमीन इकावी लागंल. पण एजंट म्हनतो, नंतर शिष्यवृत्ती मिळंल. खरं हाय का?"

आम्ही बी.कॉम. झालो ते वाणिज्याला प्रवेश सहज मिळत होता म्हणून. आमच्या घरात कुणी असा कागद आखला नव्हता. त्यामुळे या मुलाचे कौतुक वाटले, आणि आईच्या प्रश्नाने पोटात गोळाही आला. तीन संध्याकाळी बसून आम्ही तो कागद तपासला. जे समजले ते इतर पालकांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

आधी हे मेकॅट्रॉनिक्स काय ते पाहू. हा शब्द १९६९ साली जपानच्या यास्कावा कंपनीतील अभियंते तेत्सुरो मोरी यांनी मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स जोडून बनवला. आपण एटीएममधून पैसे काढतो तेव्हा आत मोटार फिरते, रोलर नोट ओढतात, एकाऐवजी दोन नोटा चिकटून आल्या तर सेन्सर ते ओळखतो आणि प्रोग्राम त्या बाजूला टाकायला सांगतो. लोखंड, वीज आणि हुकूम, तिन्ही एका पेटीत. मुलाच्या वडिलांचे सीएनसी मशीन म्हणजे हेच. लेथवर हात जे काम करत होता ते आता मोटार करते, आणि मोटारीला कुठे थांबायचे ते प्रोग्राम सांगतो. तेव्हा मुलाला दोन्ही विषय का हवेत, हे त्याच्या घरातूनच आले आहे. उगाच हौस नव्हे.

आता सिडनीचे पाहू. तेथील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात अभियांत्रिकीची ऑनर्स पदवी चार वर्षांची, १९२ युनिटांची. त्यात मेकॅट्रॉनिक्स ही शाखा आहे. कॉम्प्युटर सायन्सची पदवी तीन वर्षांची, १४४ युनिटांची. वेगवेगळ्या केल्या तर सात वर्षे, ३३६ युनिटे. पण एकत्र घेतल्या तर पाच वर्षांत २४० युनिटांत दोन्ही पदव्या हातात पडतात. साधारण एक विषय सहा युनिटांचा, म्हणजे ९६ युनिटे, सुमारे सोळा विषय वाचले. यात जादू काही नाही. गणित आणि प्रोग्रामिंग दोन्हीकडे लागते, ते एकदाच शिकायचे. आणि ऐच्छिक विषयांच्या जागी दुसऱ्या पदवीचे विषय बसवायचे. ऐच्छिक विषयांची मोकळीक मात्र जवळजवळ संपते. पाच वर्षे दरसाल आठ विषय, शिवाय अभियंता व्हायला साठ दिवसांचे कारखान्यातले प्रशिक्षण. कामाचा बोजा थोडा नाही.

खरी गोम विषयांच्या क्रमात आहे. मुलाने कागदावर रोबोटिक्स दुसऱ्या वर्षात घातले होते. आम्ही वाणिज्याचे, पण चाळीत राहणाऱ्या एका अभियंत्याला बसवून विचारले. तो म्हणाला, कागद शेवटून मागे वाचा. रोबोटला कंट्रोल थिअरी लागते, कंट्रोलला डिफरन्शियल इक्वेशन्स लागतात, त्यांना पहिल्या वर्षाचे कॅल्क्युलस. तिकडे अल्गोरिदमला डेटा स्ट्रक्चर्स लागतात, त्यांना सी भाषा. अशा दोन साखळ्या शेजारी शेजारी चालतात. पहिल्या वर्षी गणित राहिले तर एक विषय राहिला असे होत नाही, त्यामागची सगळी ओळ सरकते, आणि पाचाची सहा वर्षे होतात. परदेशात सहावे वर्ष म्हणजे आणखी एका वर्षाची फी. मुलाने तिथेच खोडरबर काढले.

आता पैशाचे. १० मे २०२४ पासून ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्याखाण्याचे म्हणून २९,७१० डॉलर दाखवावे लागतात. ते आपले सोळा लाखांहून जास्त झाले. फी आणि विमान वेगळे. आणि शिष्यवृत्ती? समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी आहे खरी, पण ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपही तशीच. बारावीनंतरच्या पहिल्या पदवीला या दोन्ही लागू नाहीत. एजंटाने ही गोष्ट सांगितली नव्हती. आम्ही आईला म्हणालो, "ताई, जमीन विकू नका." बाबासाहेबांनीही १९१६ साली लंडनला ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अशा दोन ठिकाणी एकदम नाव घातले होते. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा १९१७ ला त्यांना परतावे लागले, आणि ते पुन्हा गेले १९२० ला. पैसा मध्येच आटला तर काय होते हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको.

मग इथे काय करता येईल? तीन वाटा आम्हाला दिसल्या. पहिली, चार वर्षांच्या बी.टेक.मध्येच १८ ते २० जादा क्रेडिट घेऊन दुसऱ्या शाखेची मायनर पदवी. मेकॅट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकल मुख्य ठेवून कॉम्प्युटर मायनर घ्यायचे. कॉलेज निवडतानाच तेथे ती सोय आहे का, हे विचारावे. दुसरी, यूजीसीच्या एप्रिल २०२२ च्या नियमाने दोन पदव्या एकाच वेळी करता येतात. दोन्ही वर्गात बसून करायच्या तर वेळा आदळता कामा नयेत, आणि अभियांत्रिकीचा वर्ग दिवसभर चालतो. म्हणून कॉम्प्युटरची पदवी दूरशिक्षणाने घ्यावी : इग्नूची बीसीए, किंवा आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बी.एस. तिला जेईई लागत नाही, आधी चार आठवड्यांचा अभ्यास आणि पात्रता परीक्षा असते, आणि पुढच्या परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. अभियांत्रिकी मात्र दूरशिक्षणाने होत नाही, तसे कुणी सांगितले तर पैसे देऊ नयेत. तिसरी वाट दहावीनंतरच्या मुलांची : पॉलिटेक्निकमधून मेकॅट्रॉनिक्सचा तीन वर्षांचा डिप्लोमा, मग थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. आयटीआयलाही टेक्निशियन मेकॅट्रॉनिक्स हा दोन वर्षांचा ट्रेड आहे.

आम्हाला विचाराल तर मायनरची वाट आधी. दोन पदव्या ओढताना मुलगा मधल्या दोन वर्षांत थकतो, आणि थकलेला मुलगा घरी सांगत नाही.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवर भरायची. तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे, त्यावर असाल तर फ्रीशिपचा अर्ज. प्रवेश कॅप फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यात गेलात तर ती मिळत नाही, हे दरवर्षी दोन-तीन घरांना उशिरा कळते. चार वर्षांनी हाच मुलगा राजर्षी शाहू शिष्यवृत्तीला अर्ज करू शकतो, रोबोटिक्सच्या मास्टर्ससाठी. तेव्हा सिडनी कागदावरून खोडलेली नाही, खालच्या ओळीत लिहिली आहे.

सध्या अडले आहे ते जात वैधता प्रमाणपत्रापाशी. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि आजोबा शाळेत गेलेच नव्हते, त्यामुळे शाळेचा दाखला नाही. आम्ही आईला विचारले, जी जमीन विकायला निघाला होता ती कुणाच्या नावावर होती? "सासऱ्यांच्या बापाच्या." मग तहसिलातून तिचा जुना फेरफार काढायला सांगितले आहे. मुलगा शुक्रवारी वडिलांबरोबर गावी जातो आहे. ज्यांच्या मुलांचे वैधता अर्ज राहिले असतील त्यांनीही जुने कागद घेऊन रविवारी दहाला विहारात यावे, झेरॉक्सच्या दोन प्रती आणाव्यात.