मी वाचलेली तीन पुस्तके

या महिन्यात मी तीन पुस्तके वाचली. त्यांविषयी माझे मत सांगतो.

पहिले भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे. रहस्य उलगडेपर्यंत जेवण सुचत नाही. पण चोर एकदा सापडला की दुसऱ्यांदा वाचताना तेवढी मजा येत नाही.

दुसरे जूल व्हर्न यांचे 'चंद्रावर स्वारी'. आज्जी म्हणाली, "सगळ्या थापा रं!" पण मूळ पुस्तक १८६५ चे. त्यातले तिघे फ्लोरिडाहून निघतात. १९६९ साली खरेच तिघे फ्लोरिडाहूनच निघाले आणि त्यांतले दोघे चंद्रावर उतरले. मग थापा कशा?

तिसरे 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात श्याम पोहायला भितो, लपून बसतो. आई मार देऊन त्याला पाठवते. मीपण राजाराम बंधाऱ्यावर नुसता काठावर बसतो. पोरं हसतात.

फास्टर फेणे कशाला भीत नाही, म्हणून तो आवडतो. पण श्याम भ्याला आणि तरी शिकला, म्हणून तो मला आपला वाटतो. माझा पहिला नंबर त्यालाच.

येत्या सुट्टीत मी पाठीला डबा बांधून पाण्यात उतरणार आहे. बघायला या, पण हसू नका!

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी